तिले काढजो

गुंजनने माउस सोडला आणि मॉनिटर धुरपताबाईकडे फिरवला.

"ही मी हाय?" धुरपताबाई काउंटरवर पार ओणवी झाली. निराधार योजनेच्या पगाराच्या अर्जाला लावायला तिला फोटो हवा होता. "आणि ह्या सुरकुत्या कोणाच्या व? माह्या तं नाई."

"तुमच्याच हायत, काकू."

"मंग काढ न त्या! कॉम्प्युटर कायले घेतला तुह्या बापानं?"

"साऱ्या काढल्या तं साहेब म्हणन, ही तं पोरगी हाय, हिले कायचा पगार?"

धुरपताबाई पदर तोंडाला लावून हसली. गुंजनने कपाळावरच्या दोन रेघा तेवढ्या पुसल्या आणि प्रिंट दिली. दहावीच्या सुट्टीत तिने हे सारं एकटीने शिकून घेतलं होतं, आणि अख्ख्या कारंज्यात आपल्याइतकं कोणाला येत नाही अशी तिची खात्री होती.

धुरपताबाई गेल्यावर मागच्या खोलीतून बाबा बाहेर आले. त्यांच्या खांद्याला कॅमेऱ्याची बॅग होती. तळेगावला लग्नाची ऑर्डर होती. ते दारापर्यंत गेले, थांबले आणि रस्त्याकडे बघतच बोलले.

"आजोबाच्या पंच्याहत्तरीचा फोटो हाय ना कॉम्प्युटरात? आपल्या साऱ्याइचा?"

"हाय ना."

"त्याच्यातून तिले काढजो."

गुंजनने "हो" म्हटलं. तोवर स्कूटर चालूही झाली होती.

'तिले' म्हणजे कोणाला, हे विचारायची गरज नव्हती. थोरल्या बहिणीने, मोहिनीने, न सांगता लग्न केलं, तेही मोबाइल दुरुस्तीवाल्या परजातीच्या मुलाशी, तेव्हापासून घरात तिचं नाव उरलं नव्हतं. होतं ते एवढं सर्वनाम. त्याच आठवड्यात बाबांनी अल्बममधले तिचे सगळे फोटो फाडले होते. पेंटर बोलावून पाटीवरचं 'मोहिनी फोटो स्टुडिओ' खोडून 'गुंजन फोटो स्टुडिओ' करून घेतलं होतं. पाटीवर आपलं नाव आलं म्हणून मैत्रिणींनी गुंजनकडे कचोरी मागितली होती, आणि तिने दिलीही होती. पंच्याहत्तरीचा तो फोटो वाचला होता, कारण तो कॉम्प्युटरमध्ये होता आणि त्याची प्रिंट कोणी काढलीच नव्हती.

आता तोही.

काम सोपं नव्हतं. आधीचं सॉफ्टवेअर व्हायरसने खाल्लं, तेव्हा अमरावतीच्या धर्मेंद्रने हे दुसरं टाकून दिलं होतं. फुकटचं. जगभरातली माणसं मिळून ते बनवतात आणि कोणाला काही हवं असेल तर त्यांना सरळ लिहायचं, असं तो म्हणाला होता. उघडलं की तीन खिडक्या तीन दिशांना पळायच्या. बटणांवरची चित्रं कशाची, ते ज्याने काढली त्यालाच ठाऊक.

गुंजनने सरळ लिहिलं. शाळेच्या इंग्रजीत, शब्दकोश मांडीवर घेऊन. मी नवीन शिकणारी आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नवशिक्यांसाठी काहीच नाही. सगळ्या खिडक्या एकात करा. सेव्ह करताना तुम्ही लांबलचक काहीतरी विचारता, ते सोप्या भाषेत विचारा. आणि फोटोतून एक माणूस काढायला एक साधं बटण द्या. शब्दकोशात 'काढणे'पुढे शब्दांची रांग होती. तिने त्यातला एक उचलला.

कॉलेजातून आल्यावर तिने पाहिलं तर उत्तर आलेलं! हेन्रिक नावाच्या कोणीतरी लिहिलं होतं. सूचना चांगल्या आहेत, आम्ही विचार करू. पण बटणाचं नीट कळलं नाही. तुला माणूस पुसून टाकायचा आहे, की कापून वेगळा घ्यायचा आहे? आमच्याकडे ही दोन वेगळी कामं आहेत.

गुंजनने तिथल्या तिथे उत्तर लिहिलं: पुसून टाकायचा आहे.

हेन्रिकने रीत कळवली. बाजूची भिंत थोडी थोडी उचलायची आणि माणसावर लावत जायची. फोटोत आजोबा खुर्चीत बसले होते, बाजूला आई. मागे बाबा आणि गुंजन यांच्या मध्ये मोहिनी, हनुवटी वर करून हसणारी. तिचा एक हात गुंजनच्या खांद्यावर होता. गुंजनने फोटो इतका मोठा केला की चेहरा दिसेना, नुसते चौकोन दिसू लागले. तसं बरं पडत होतं. भिंत झाली, दाराची चौकट झाली. शेवटी खांद्यावरची बोटं राहिली. त्यांच्यावर तिने स्वतःच्याच ड्रेसची फुलं नेऊन लावली. मग उठून पाणी प्यायली.

सेव्ह करताना सॉफ्टवेअरने पुन्हा ते लांबलचक विचारलं. तिने 'हो' दाबलं आणि फाइल बंद केली.

दुसऱ्या दिवशी बाबा टेबलाशी आले, तेव्हा त्यांच्या एका हातात फोटो कापायची कात्री होती आणि दुसऱ्यात खिशातलं पाकीट.

"झालं काय व थे?"

"झालं! पाहा." तिने ऐटीत मॉनिटर वळवला. "कोणाले सांगूनही पटणार नाई."

बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ ते स्क्रीनवर काहीतरी शोधत राहिले.

"कोठं हाय ती?"

"काढली ना, बाबा. तुम्हीच तं म्हटलं."

बाहेरून ट्रक गेला. शोकेसची काच थरथरून थांबली.

"अवं, मी तिले काढ म्हटलं होतं," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "एकटीले. पासपोर्टएवढी."

गुंजनचा हात माउसवर तसाच राहिला. ग्रुप फोटो घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला बाबा म्हणत, याच्यातून एकट्याले काढून देतो, काळजी नोका करू. दुकानात बसून तिने ते कितीदा तरी ऐकलं होतं.

"मागं नाई जाता येत? त्या परदेशातल्या पोराले विचार ना."

"त्याच्याच वर सेव्ह केलं, बाबा."

"अन् कॅमेऱ्यातल्या कार्डात?"

"त्याच्यावर कितीक लग्नं झाली."

बाबा वाकले. मोहिनी जिथे होती तिथल्या भिंतीवरून त्यांनी बोट फिरवलं, मग गुंजनच्या खांद्यावरच्या फुलांवरून.

"सफाईनं केलं," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो.

"बाबा, मले वाटलं तुम्ही..."

"मले समजलं तुले काय वाटलं."

एवढ्यात लाइट गेली. मॉनिटर काळा झाला आणि पंखा रेंगाळत थांबला. बाबांनी पाकीट खिशात घातलं, कात्री खणात टाकली. मग बॅग उघडून त्यांनी कॅमेरा बाहेर काढला आणि शर्टाच्या टोकाने भिंग पुसू लागले. तसं कोणी पुसलं की ते एरवी ओरडत.

"लाइट आली की बॅटरी चार्जिंगले लावजो."

"कोणाची ऑर्डर हाय?"

ते भिंग पुसतच राहिले.

"वर्ध्यात बोरगाव मेघेले राह्यते म्हणतात."

गुंजन उभी राहिली. "आईले सांगू?"

"सांग." त्यांनी भिंग उजेडाकडे धरून पाहिलं, पुन्हा पुसलं. "अन् तू येजो संगं. मले एकट्याले पाहून ती दार नाई उघडणार."