डाळीच्या डब्यातली सुई

मी हार ओवायची सुई बोलतेय. वीतभर लांब, बाळापूरच्या बाजारातून आणलेली. गोदाबाईचा झेंडूचा मळा. तिचा मुलगा देवानंद मला घेऊन बसला की हार असा उतरायचा, की गिऱ्हाईक भाव करायचं विसरायचं.

मग त्याला जवळ कोणी नसतानाही आवाज ऐकू यायला लागले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. गल्लीला ते उच्चारता येईना, म्हणून तिनं आपलं सोपं नाव ठेवलं. त्यानं कोणाला साधं ओरखडलंही नव्हतं. पण शेजारीण म्हणाली, "टोकदार काई ठेवू नको घरात," आणि गोदाबाईनं मला तुरीच्या डाळीत पुरलं. दोन वर्षं. माणसं भ्यायली की आधी स्वयंपाकघर आवरतात, हे मला तिथं कळलं.

गोळ्यांनी आवाज मंदावले. देवानंद दर गुरुवारी अकोल्याला, अशाच आजारातून सावरणाऱ्यांच्या गटात जाऊ लागला. गट चालवणाऱ्या पौर्णिमाताई एकदा म्हणाल्या, "पुढच्या वेळी आपल्याला येणारं काम इतरांना शिकवायचं. घरच्यांनाही आणा."

"मले सुई लागन," देवानंद म्हणाला.

गोदाबाईनं मला चिंधीत गुंडाळून नेलं खरं, पण तिथं तिला पिशवी काही उघडवेना.

गटातला गोपाल म्हणाला, "आमच्या घरी विळी लपवली होती, मावशी."

"आमच्या घरी तं उलथनं!" गीतांजली म्हणाली. "उलथन्यानं काय लढाई करन मी?"

सगळे खो खो हसले. गोदाबाईही हसली, आणि हसता हसता तिचा हात पिशवीत गेला.

आमच्याकडे सुई हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणे. खाली ठेवायची, समोरच्यानं उचलायची. ती मला सतरंजीवर ठेवायला वाकली, तर देवानंदनं तळहातच पुढं केला.

"अरे, भांडण होते ना!"

"होऊ दे ना, माय. दोन साल झाले, तू माह्यासंग भांडलीच नाई."

मग तिनं मला त्याच्या तळहातावर ठेवलं. दोन वर्षांनंतरचा पहिला हार वाकडाच झाला. गोपालनं तो हौसेनं गळ्यात घातला.

आता मी दोऱ्याच्या रिळात खोचलेली असते, हाताशी. तुमच्या घरी माझी एखादी बहीण डाळीत पुरलेली असेल, तर ज्याची ती आहे त्याला एकदा विचारून तरी बघा.

आज सकाळी हार सैल ओवला म्हणून गोदाबाई मळाभर ऐकू जाईल अशी ओरडली. देवानंदही ओरडला. मी दोघांच्या मधे होते, आणि मला फार बरं वाटत होतं.