अर्धी तुला, अर्धी मला

मित्रांनो, मी एक जुना अडकित्ता आहे आणि स्वभावाने संशयी आहे. त्यात माझा काय दोष? वरून टणटणीत दिसणारी सुपारी आतून किडकी निघते, हे ज्याला रोज दहा वेळा कळतं, तो संशयी नाही तर कसा होणार! फोडून पाहिल्याशिवाय मी कशावरही विश्वास ठेवत नाही.

भिंगारच्या बाजारात एका लोहाराने मला घडवलं. पातं पोलादी, दांडे पितळी. कोल्हारच्या कारभारींनी मला चार वेळा उघडून-मिटून पाहिलं आणि पान-सुपारीच्या चंचीत टाकलं. तेव्हापासून चंची हेच माझं घर. कारभारींचा हात असा बसलेला की सुपारीचे काप अगदी पातळ पडत. गावात लग्न असलं की मांडवाच्या कोपऱ्यात ते आणि मी सुपारी कातरायला बसायचो. पंगतीत वाढायला त्यांचे बालमित्र कानिफनाथ असत. पाटलाच्या पानावर जेवढं तूप, तेवढंच शेवटच्या पानावर. "पंगतीत भेद केला तर हात झडंल माझा," असं ते म्हणायचे.

भेद त्यांनी कधीच केला नाही, तरी हात गेलाच. आधी त्यांच्या हातातली आमटीची पळी थरथरायला लागली. वर्षभरात कारभारींचाही अंगठा तंबाखू मळल्यासारखा आपोआप हलू लागला. दोघांची पावलं घासत पडू लागली, चेहरे ताठले. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं बाहेरचं वारं. कानिफनाथ तर पंगतीला यायचेच बंद झाले, वाढायला नाही आणि जेवायलाही नाही. मी कारभारींच्या बोटांतून निसटायचो. दोनदा मी त्यांच्या अंगठ्याला चावलो आहे, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

एकाहत्तर साली पुण्याहून एक डॉक्टरीणबाई दर पंधरा दिवसांनी गावच्या चावडीत यायला लागल्या. त्यांनी दोघांना तपासलं आणि समजावून सांगितलं, "आजोबा, हा कंपवात. डॉक्टरी भाषेत पार्किन्सन. यावर नवी गोळी निघाली आहे. आपल्याकडच्या माणसांना तिचा किती गुण येतो, ते मला तपासायचं आहे. आसपासच्या गावांतली चाळीस माणसं घेतली आहेत. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती तशी दिसणारी. कुणाला कोणती, ते चिठ्ठ्या टाकून ठरलंय, आणि चिठ्ठ्या पुण्याला पाकिटात बंद आहेत. मलाही ठाऊक नाही. सहा महिन्यांनी पाकीट उघडायचं. गुण दिसला, तर सगळ्यांना खरी गोळी मिळेल."

बाईंनी अंगठ्यासाठी कागद पुढं केला, तशी कारभारींची बायको गोजरबाई पदर खोचून पुढं झाली. "आन् ह्यो अंगठा कशापायी? जमिनीचा कागद तर न्हाई ना ह्यो?"

बाईंनी कागद दोनदा वाचून दाखवला. नको वाटलं तर कधीही सोडा, असंही त्यात होतं. गोजरबाईचं समाधान झालं, दोघांनी अंगठे उठवले. माझं समाधान मात्र झालं नाही. औषध देणाऱ्यालाच औषध ठाऊक नाही म्हणे! आत काहीतरी किडकं आहे, असं मी मनाशी धरून बसलो.

बाई आल्या की दोघांच्या हातात काठोकाठ भरलेलं फुलपात्र देत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावत आणि उरलेलं पाणी मापून वहीत लिहीत. दीड महिन्यात कारभारींचं पाणी सांडेनासं झालं. एका सकाळी त्यांनी मला उचललं आणि पहिल्या दाबात सुपारी फोडली! माझा आनंद काय सांगू! कानिफनाथांचं फुलपात्र मात्र पोहोचेपर्यंत निम्मं रिकामं व्हायचं.

दोघे ओट्यावर बसले होते. कारभारी मान खाली घालून म्हणाले, "कानिफ, तू जन्मभर पंगतीत भेद केला न्हाईस. आता मी एकट्यानं गुण घेऊ व्हय?" त्यांनी दोघांच्या बाटल्यांतली एकेक गोळी काढली आणि माझ्या पात्याखाली धरली. "अर्धी तुला, अर्धी मला."

कारभारींची गोळी माझ्या पात्याला कडसर लागली. कानिफनाथांची नुसती पिठूळ.

कानिफनाथांनी दोन्ही अर्धुकं जिभेवर घोळवली. "माझी नुसती पिठाची हाय रं," ते हळूच म्हणाले.

"बाईनं फसवलं आपल्याला," कारभारी कडाडले. "कुनाला सांगू नगंस. आपुन आपलं वाटून खाऊ." बाईंनी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, हे दोघेही विसरले. खरं सांगतो, मीही विसरलो. आपला संशय खरा ठरला याचंच मला सुख झालं होतं.

रोज सकाळी मी गोळ्या फोडत राहिलो. कारभारींचं पाणी पुन्हा सांडायला लागलं. कानिफनाथांचं जरासं सावरलं. बाई वही पुढं-मागं उलटत बसल्या. "आलेला गुण पंधरा दिवसांत उतरला? बाकीच्यांतही असं दिसलं, तर ही गोळी कुचकामी म्हणून लिहावं लागेल."

गोजरबाई दाराशीच उभी होती. माझ्या पात्यावरची पांढरी भुकटी तिने केव्हाच पाहिली होती. तिने नवऱ्याची चंची ओढली, मला बाहेर काढलं आणि बाईंच्या वहीवर ठेवलं. "ह्यानं फोडून दोघं वाटून खात्यात, बाई."

"गोजरे!" कारभारी ओरडले. मग बाईंकडे वळले. "व्हय, खातो! कानिफला पीठ दिलंय तुमी. एका पंगतीत दोन वाढपं?"

बाईंनी दोन्ही बाटल्यांतल्या गोळ्या तळहातावर घेतल्या, उजेडात फिरवून पाहिल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मी टक लावून पाहत होतो. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा माझा संशय किडका निघाला.

"आजोबा, सगळ्यांना वाढायचं, तर आधी कळायला नको का, वाढतोय ते औषध आहे की नाही?" बाई म्हणाल्या. त्यांनी वहीतली दोघांची नावं खोडली. तपासणीच्या गोळ्या आता दोघांना देता येणार नव्हत्या. गुण दिसलाच, तर खऱ्या गोळीच्या बाटल्या चार महिन्यांनी, पाकीट उघडल्यावर मिळणार होत्या.

"सांगून चुकले का म्या?" गोजरबाईने विचारलं.

"नाही हो. तुम्ही सांगितलं नसतं, तर बाकीच्या अडतीस जणांचाही घोळ झाला असता."

बाईंनी दोघांच्या गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. कारभारींचा हात पहिल्यापेक्षा जास्त थरथरला. एक दिवस मी त्यांच्या हातातून ओट्यावर पडलो, तर त्यांनी मला उचललंच नाही. ते गोजरबाईशी बोलत नव्हते. ती मात्र त्यांना घास भरवी, आणि सुपारी स्वतः फोडून देई. गावातले आप्पासाहेब येता-जाता म्हणत, "पुन्याची बाई व्हय? आता कशाला येतीय!" मलाही तसंच वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

चार महिने झाले, वर आठ दिवस गेले. मग बाई आल्या. पिशवीत दोन बाटल्या होत्या. "पाकीट उघडलं. गोळीचा गुण आहे. दोघांनाही अर्ध्या गोळीपासून सुरू करायचंय. घरात फोडायला काही आहे का?"

गोजरबाईने मला पुसून नवऱ्याच्या हातात दिलं आणि त्यांच्या थरथरत्या मुठीवर आपली मूठ ठेवली. त्यांनी ती झटकली नाही. आधी कानिफनाथांची गोळी फोडली. कानिफनाथांनी अर्धुक जिभेवर ठेवलं आणि गिळलं नाही. त्यांचा ताठलेला चेहरा हळूहळू वाकडा झाला.

"कडू हाय, कारभारी," ते म्हणाले. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही त्यांचा हात नीट वर जाईना. "लई कडू हाय रं!"

आता मी कोनाड्यात पडून असतो. माझी एवढीच विनवणी आहे, मित्रांनो. शंका येऊ द्या, पण ती चंचीत लपवू नका, तोंडावर विचारा. अंगठा उठवण्याआधी दहा वेळा विचारा, आणि एकदा उठवलात की खरं तेच सांगा. मला कधी घासायला घेतलंत, तर गंज काढा, थोडं तेल लावा. खिळीपाशी एक पांढरी रेघ आहे, तेवढी राहू द्या. ती कडू आहे.