माझ्या ब्रेकवर बिजागरीचं तेल

मी एक जुनी डोंगरी सायकल आहे आणि मी चिडलेली आहे. मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर सायकलीची कहाणी म्हणजे गंजलेली घंटी आणि दोन थेंब अश्रू, अशी तुमची समजूत व्हायची. माझी घंटी शाबूत आहे. माझ्यावर खोटा आळ आला होता, त्याची ही हकीकत.

माझा सांगाडा हलक्या धातूच्या नळ्यांचा. कारखान्यात वेल्डरने प्रत्येक सांध्यावर माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी ओळ काढली आणि मला रंगाच्या खोलीत पाठवलं. पुढच्या चाकाला धरणारा, धक्के सोसणारा फोर्क, जाड खाचांचे टायर आणि दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक पोलादी तबकडी. ब्रेकची मूठ दाबली की दोन पॅड तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. ही तबकडी लक्षात ठेवा. ती कोरडी असेल तरच कामाची.

मला विकत घेतलं ते एका दंतवैद्य बाईने. तिची नणंद तिला वहिनी म्हणते, म्हणून मीही वहिनी म्हणते. तिचा नवरा नणंदेचा दादा, म्हणून माझाही दादा. वहिनीची आणि माझी सुट्टीची फेरी ठरलेली होती. घरामागच्या चढाच्या गल्लीतून निघायचं, लाकडाच्या ट्रकांसाठी केलेल्या खडीच्या जंगलरस्त्याने वर चढायचं, टेहळणीच्या मनोऱ्याला वळसा घालायचा आणि झाडांमधल्या एकेरी पायवाटेने ओढ्याच्या पुलावर उतरून घरी यायचं. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडांत डोकावणारी वहिनी त्या उतारावर स्वतः तोंड उघडून हसायची. घरी आल्यावर मला पुसायची. तेल द्यायची ते फक्त साखळीला, आणि जपून. "ही आहे म्हणून माझं डोकं ठिकाणावर आहे," असं ती पेशंटनासुद्धा सांगायची.

दादाबद्दल चांगलं सांगायचा मी प्रयत्न करते. मनाने तो वाईट नाही, पण त्याला कुरकुर सोसत नाही. दार वाजलं, खुर्ची करकरली, की तो कपाटातून बिजागरीच्या तेलाचा फवारा काढतो, फुस्स करतो आणि मोकळा होतो. ते का वाजलं हे विचारायच्या फंदात पडत नाही. माणसांचंही तो तेच करतो. "बरं बरं, होईल सगळं," एवढं म्हटलं की त्याच्यापुरती तक्रार मिटते.

माझे पॅड झिजून पत्र्याला आले, तेव्हा मी ओरडायला लागले. दुसरं काय करणार? मला तेवढंच बोलता येतं. वहिनीला ते कळलं. तिने नवे पॅड आणून फळीवर ठेवले आणि स्वतः बदलायला बसणार, तोच दवाखान्यातून तातडीचं बोलावणं आलं.

"तू जा, मी करून ठेवतो," दादा म्हणाला.

त्याने पॅडचं पाकीट उचललं, मागच्या सूचना वाचल्या, जांभई दिली आणि पाकीट परत फळीवर ठेवलं. मग फवारा आणला. पुढची तबकडी, फुस्स. मागची तबकडी, फुस्स. चाक फिरवून बघितलं. मी गप्प झाले होते. तो हात पुसून चहा प्यायला गेला.

वहिनी आली. सोबत आपली सायकल घेऊन नणंद.

"पॅड बदललेस?" वहिनीने विचारलं.

"झालं सगळं. मांजरासारखी चालेल बघ."

"दादाने काम केलं? भिंतीवर तारीख कोरून ठेव, वहिनी."

"तुझ्या सायकलचं पण करू का?"

"नको रे बाबा. माझी ओरडू दे."

वहिनीने मुठी दाबून पाहिल्या. घट्ट लागल्या, कारण दोष मुठीत नव्हताच. मनोऱ्यापर्यंत सगळा चढ, त्यामुळे ब्रेकची गरज पडली नाही. नणंद पायवाटेवर पुढे उतरली. मागून आम्ही. पहिल्या वळणाआधी वहिनीने मुठी आवळल्या आणि पॅड तबकडीवरून साबणासारखे सरकले. मी जीव तोडून ओरडणार होते. मला ओरडताच आलं नाही.

वळणावर नणंद थांबली होती. तिची साखळी उतरली होती. वाट एका सायकलीपुरती, डावीकडे ओढ्यापर्यंत सरळ कडा.

"बाजूला हो, ब्रेक लागत नाहीत."

बाजूला व्हायला जागाच नव्हती. वहिनीने मला उजवीकडे झाडाच्या बुंध्यावर घातलं. नणंद वाचली. वहिनीचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि माझं पुढचं चाक वाकलं.

आता ऐका. दादा विमा कचेरीत आहे. अपघात कशामुळे झाला हे ठरवण्याचाच त्याला पगार मिळतो. विचारपूस करायला आलेल्या प्रत्येकाला त्याने एकच निकाल ऐकवला, "सायकलच जुनाट. मी कधीचा सांगतोय, काढून टाक." मी बाहेर भिंतीला टेकून सगळं ऐकत होते. फवाऱ्याचा एका शब्दाने उल्लेख नाही. शेवटी त्याने भंगारवाल्याला निरोप धाडला. आणि हात गळ्यात बांधलेली वहिनी हळूच म्हणाली, "दे देऊन. माझी आता तिच्यावर बसायची हिंमत नाही." चाक वाकलं तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्यासाठी नणंद मला फाटकाकडे ओढायला लागली. वाकलेलं चाक फिरेना, म्हणून तिने ते हाताने उचललं. बोटं तबकडीला लागली. तिने बोटांकडे पाहिलं, वास घेतला, मला तिथेच टेकवलं आणि आत जाऊन दादाच्या नाकाखाली हात धरला. खिडकी उघडीच होती.

"कशाचा वास आहे?"

"बिजागरीचं तेल. का?"

"ब्रेकवर होतं."

मग वहिनी म्हणाली, "फळीवरचं पाकीट आण."

त्याने आणलं. बंदच होतं.

"अगं, तो आवाज बंद करायचा होता ना?" दादा म्हणाला.

"दुखऱ्या दाताला नुसती भूल देऊन मी पेशंटला घरी पाठवलं, तर काय म्हणशील मला? मी पॅड बदललेस का विचारलं. तू झालं म्हणालास. आणि काल दिवसभर दोष तिच्यावर ढकललास."

"चुकलं माझं."

"मला नको सांगू. भंगारवाल्याला परत पाठव आणि बस तिच्यासमोर."

तो बसला. दुकानातून नवं चाक आणलं, तेल प्यायलेले जुने पॅड फेकले, तबकड्या स्पिरिटने घासल्या, नवे पॅड बसवले. वहिनी खुर्चीतून एकेक स्क्रू सांगत होती. मी त्याला मदत केली नाही. दोन स्क्रू मुद्दाम घट्ट धरून ठेवले.

हाड जुळल्यावर वहिनी परत माझ्यावर बसली. पायवाटेच्या त्या वळणावर ती उतरली आणि मला हाताने धरून चालत गेली. पुढच्या फेरीलाही चालली. त्यानंतरच्या फेरीला नाही.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. वस्तू जपा म्हणजे नुसत्या चकाचक ठेवा, असं नाही. कुरकुरणाऱ्याला गप्प करणं सोपं असतं. तसं करू नका. आधी त्याचं काय दुखतंय ते बघा, आणि केलं नसेल ते काम झालं म्हणू नका.

परवा दमट हवेत मागचा ब्रेक जरासा वाजला. दादाचा हात सवयीने कपाटाकडे गेला. त्याने कपाटाचं दार लावून टाकलं आणि आत हाक मारली, "अगं, बाहेर ये जरा. ही काहीतरी सांगतेय."