चौदा मार्चची नोंद

“पत्र आलं की आधी तारीख बघायची, बुर्गा. रडायचं नंतर.”

चाळीस वर्षं नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी केलेल्या नवऱ्याचा, गेबहार्टचा, हा दंडक. तो जाऊन सात महिने झाले होते, तरी म्युनिकच्या वकिलाचं पत्र उघडून नोटबुर्गाने आधी तारीखच शोधली. चौदा मार्च. त्या दिवशी तिच्या घरच्या इंटरनेटवरून एक चित्रपट बेकायदा उतरवला गेला होता. ‘पुन्हा असं होणार नाही’ असं सहीनिशी लिहून द्या, भरपाई भरा, नाहीतर कोर्ट. हातातल्या माळेवरचा जप अर्ध्यावरच राहिला.

भाचा सेव्हेरिन पत्र वाचून हसला. “मामी, तुला फोनसुद्धा धड लावता येत नाही! ही त्या सेलामची करणी. तिचं नाव कळव, सुटलीस.”

“तिच्या नागरिकत्वाच्या अर्जाचा निकाल लागायचाय रे. नाव आलं तर अडकेल तो.”

“मग? तू काय तिचा मक्ता घेतलायस?”

सेलाम तिथेच बसली होती. ही एरिट्रियाची परिचारिका वरच्या खोलीत राहायची. गेबहार्टचं शेवटचं दुखणं तिनेच काढलं होतं. “मीच केलं, काकू. काकांना तरुणपणी पाहिलेला तो डोंगरातला सिनेमा एकदा बघायचा होता. फुकट दिसला, वाटलं चालतं. द्या माझं नाव.”

“गप. सूप निवतंय.”

“मामांची वही!” सेव्हेरिन उठला. घरचं इंटरनेट कोणी, कधी वापरलं, हेही गेबहार्ट वहीत टिपून ठेवायचा. सेव्हेरिनने पान काढलं आणि शीळच घातली. “चौदा मार्च. मी स्वतः. गेबहार्ट. घ्या! मामाच चोर! मेलेल्याला कोण विचारतंय? हेच पान पाठव.”

नोटबुर्गाने वही डोळ्यांजवळ नेली. अक्षरं ओळ सोडून वर चढली होती. मार्चमध्ये त्याला चमचाही धरवत नव्हता. आई-बापाच्या लग्नानंतर चौथ्याच महिन्यात जन्मलेल्या या सेव्हेरिनची जन्मतारीख, त्याची आई, म्हणजे सख्खी बहीण, पाया पडली तरी, गेबहार्टने बदलली नव्हती. आणि हे कधी लिहिलं त्याने? त्याच आठवड्यात तो म्हणाला होता, “पोरीला उघड्यावर टाकू नकोस, बुर्गा.” ती ‘बरं’ म्हणाली होती.

“जन्मात एकच खोटी नोंद केली त्याने. ती मी वकिलाला दाखवणार नाही,” ती म्हणाली. “आणि हिचं नावही नाही. जोडणी माझ्या नावावर आहे. सही मी करते.”

“आणि भरपाई?”

“कबरीवरचा दगड पुढल्या वर्षी बसवू. तोवर लाकडी क्रूस आहेच.”



इस्त्रीच्या चादरींच्या घडीत तिने वही ठेवली, सही केली, कोट चढवला.

“काकू, मी येते ना.”

“सूप संपव आधी.”

तिने दार अलगद ओढून घेतलं. खिशातली माळ चाचपली, सकाळी जिथे थांबली होती तो मणी बोटांनी शोधला आणि तिथूनच पुढे जपत ती पोस्टाच्या वाटेला लागली.