बाबा फायनलला आला

गुरुनाथ लेल्यांनी सगळी नोकरी मिशिगनमधल्या नोव्हाय गावात गाड्यांचे ब्रेक तयार करण्यात घालवली आणि त्यांचा एकुलता एक मुलगा ईशान बिनब्रेकच्या मोटारसायकलीवर शर्यतींत उतरू लागला. देवालाही कधीकधी चावटपणा सुचतो.

स्पीडवे म्हणतात त्या खेळाला. मातीचा लंबगोल ट्रॅक, चार जण, चार फेऱ्या, एकच गिअर. वळणावर गाडी आडवी घालायची, डावा पाय पोलादी तळव्याच्या बुटासकट जमिनीवर घासत न्यायचा आणि ॲक्सिलरेटर सोडायचा नाही. अमेरिकेत हा खेळ फारसा कुणाला ठाऊक नाही. महाराष्ट्र मंडळात तर कुणालाच नव्हता आणि गुरुनाथांना ते सोयीचं होतं. गणपतीत कुणी विचारलंच, तर "ईशान ना? कॅलिफोर्नियात असतो, व्हेइकल टेस्टिंगमध्ये," असं म्हणून ते प्रसाद पुढे करत.

ईशानला हे माहीत होतं. त्याला राग यायचा आणि त्या रागाखाली एक बावळट आशाही होती, की बाबाने एकदा येऊन बघावं. दर सीझनला तो तारखा पाठवायचा. दर सीझनला आई फोनवर म्हणायची, "अरे, त्यांच्या मागे कामं फार आहेत." बाबा रिटायर झाल्यावरही तिने तेच कारण चालू ठेवलं, बिचारीने.

यंदा मात्र तो पहिल्यांदाच नॅशनल फायनलला पोचला. दिवसा लोकांच्या गाड्या दुरुस्त करून, खांदा आणि बरगड्या मोडून घेऊन पोचला. पहिल्या तिघांत आला तर पोलंडचा एक क्लब त्याला घेणार होता. तिकडे या खेळावर माणसं पोट भरतात. पस्तिशीला टेकलेल्याला पुन्हा कोण विचारतंय?

आणि नेमका प्रॅक्टिसमध्ये तो डोक्यावर पडला. डोकं ठणकायचं, मधूनच दोन दोन दिसायचं. ट्रॅकच्या डॉक्टरला कळलं तर रेस गेली. मग त्याने मंडळात वाढलेलं कुठलंही पोर जे करेल तेच केलं. बाहेर कुठेतरी स्कॅन काढला आणि ॲन आर्बरच्या वसुधाकाकूला पाठवला. काकू मेंदूची डॉक्टर, आता रिटायर झालेली. मंडळातल्या प्रत्येक घराची दुखणी आधी तिच्या फोनवर जायची, मग हॉस्पिटलात.

"आत थोडं रक्त साचलंय रे," काकू म्हणाली. "रेस कॅन्सल कर. पुन्हा आपटलास तर उठणार नाहीस."

"बघतो. पण काकू, प्लीज, घरी नको सांगूस हं."

"वेडा आहेस का? डॉक्टर आहे मी, सांगेन कशी?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. परक्या डॉक्टरने तोंड उघडलं नसतं. पण ईशान काही तिचा पेशंट नव्हता. मंडळाच्या बालनाट्यात तिनेच त्याला मिशा चिकटवल्या होत्या. डॉक्टर गप्प बसली असती, काकू कशी बसेल? तिने गुरुनाथांना फोन केला आणि रिपोर्टही पाठवून दिला.

पुढच्या आठवड्यात बाबाचा फोन आला. "फायनलला येतोय."

ईशानला इतका आनंद झाला, की का येतोयस हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. एअरपोर्टवरून येताना बाबाने विचारलं, "झोप लागते ना नीट?" ईशानला ती माया वाटली. होतीच ती माया, हेच तर वाईट. पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार ठेवतात तिथे, तो ज्याला त्याला "माय डॅड" म्हणून ओळख करून देत फिरला.

"इथला डॉक्टर कुठे बसतो?" बाबाने विचारलं. बीपीची गोळी विसरला असेल, असं समजून ईशानने स्वतःच तंबू दाखवला.

थोड्या वेळाने रेफ्री आणि डॉक्टर ईशानकडे आले. डोळ्यांत टॉर्च मारला, काही प्रश्न विचारले. मग सॉरी म्हणाले. राखीव खेळाडूने हेल्मेट चढवलं.

"तू सांगितलंस?"

"हो."

"एवढ्यासाठी आलास?"

"फोनवर कुणी ऐकलं नसतं. रिपोर्ट दाखवावा लागला." गुरुनाथांनी फोन खिशात टाकला. "मला तू जिवंत हवायस. मग मला जन्मभर शिव्या घाल."

बाबाचं चुकलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. तेही सुख ईशानच्या नशिबी नव्हतं.

गाड्या सुटल्या. चौघेही पहिल्या वळणात आडवे झाले आणि मातीचा लोट जाळीवर येऊन आदळला. गुरुनाथांनी जाळी घट्ट धरली. चष्म्यावरची धूळ पुसायचंही त्यांना भान राहिलं नाही.

"अरे, मागचं चाक पूर्ण घसरतंय. पुढचं उलट्या दिशेला आहे. आणि तरी गाडी वळतेय. पडत कसे नाहीत हे? कसं जमतं रे?"

त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं कुतूहल होतं. या प्रश्नाचं उत्तर ईशानकडे कधीचं तयार होतं. व्हॅन चालवताना, एकट्याने, अडलेले मराठी शब्द शोधून शोधून त्याने ते बाबासाठी जुळवलं होतं.

"मला नाही माहीत, बाबा," तो म्हणाला आणि गाडी व्हॅनमध्ये चढवायला निघून गेला.

गुरुनाथ शेवटची रेस संपेपर्यंत तिथेच उभे राहिले.