दार लाव गं आई

बाजू अ

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. हिरव्या पिकअप गाडीच्या टेपमध्ये एकोणीस वर्षं अडकले आहे. वाजते, मागेपुढे फिरते. बाहेर मात्र येत नाही.

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, एका गॅरेजात माझा जन्म झाला. गार्लंड गायचा, ऑरिन मांडीवर आडवी गिटार घेऊन वाजवायचा. त्यांच्या बँडचा पहिला अल्बम, ‘घरी जाण्यापुरतं पेट्रोल’, तो मीच. गावातले म्हातारे म्हणाले, पोरांनी आपली गाणी नासवली. सेंट लुईस शहरातल्या क्लबवाल्यांना तीच गाणी फार गावंढळ वाटली. तरी तीनशे प्रती निघाल्या.

तिसरं गाणं संपता संपता गार्लंडची आई, वर्लीन, मक्याचा पाव घेऊन आत आली. रेकॉर्डिंगचं यंत्र चालूच होतं. गार्लंड म्हणाला,

“दार लाव गं आई, माश्या शिरतायत. आणि पाव ऑरिनपासून लांब ठेव.”

पुढच्या सगळ्या प्रतींतून हे कापलं. मी पहिली प्रत, माझ्यात ते राहिलं.

दुसरा अल्बम झालाच नाही. गार्लंड आजारी पडला आणि गेला.

बाजू ब

वर्लीन रोज दुपारी अंगणातल्या या हिरव्या गाडीत येऊन बसते. गाणी ऐकत नाही. तेवढं वाक्य ऐकते, मला मागे फिरवते, पुन्हा ऐकते. फीत घासली की आवाज झिजतो, मित्रांनो. हे तिला सांगायला माझ्याकडे गार्लंडचेच शब्द होते, आणि तेही

दार लाव गं आई, माश्या शिर

दार ला     गं

            आई

गाणी सगळी धडधाकट आहेत.

परवा ऑरिन छोटा रेकॉर्डर घेऊन आला. डोक्यावर आता केस नाहीत. पावाचा वास आल्याशिवाय तू यायचा नाहीस, असं वर्लीनने त्याला ऐकवलं. त्याने रेकॉर्डर स्पीकरला टेकवला.

“काकू, मधे बोलू नका हं.”

तिसरं गाणं संपलं. मी होतं नव्हतं ते सगळं पुढे केलं. नुसती खरखर आली. ऑरिनने मान खाली घातली.

“लावलं रे, बाळा,” वर्लीन म्हणाली आणि तिने गाडीचं दार ओढून घेतलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा आवाज एकाच फितीवर असेल, तर आजच त्याची प्रत काढा. माझी आता निघाली आहे. तीत तिसऱ्या गाण्यानंतर खरखर आहे, मग आई आहे, मग दार लागल्याचा आवाज.