उणे साठ अंश

एकाच प्रयोगात काम करणाऱ्या नवरा-बायकोचं फार छान जमत असेल, असं ज्याला वाटतं त्याने या दोघांच्या घरी चार दिवस राहून पाहावं. महिनाभर दोघं फक्त भाजी, विजेचं बिल आणि सासूबाईंचा गुडघा एवढ्यावरच बोलत होती.

कारणही तसंच होतं. डोंगराच्या पोटात द्रवाची प्रचंड टाकी बांधून, दूरवरून सोडलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण वाटेत रूप कसं बदलतात ते मोजायचं होतं. टाकी बांधायची की नाही हे समिती ठरवणार होती, आणि त्याआधी परीक्षा होती. संगणकावर खोटी मोजमापं तयार करून त्यांत या रूपबदलाचं गणित ठरवणारा एक कोन लपवायचा, आणि मोजणाऱ्यांनी तो हुडकून दाखवायचा. लपवणारा नवरा होता. तसली मोजमापं बनवणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून दोघांनी त्याबद्दल अवाक्षरही काढायचं नाही, या अटीवर समितीने नाइलाजाने मान्य केलं. हुडकणारी बायको.

निकालाच्या दिवशी सकाळी तिने स्वयंपाकघरातून सहकारिणीला फोन केला. "उणे साठ अंश. दुपारी हेच पाठवतेय."

मागे वळली तर दारात नवरा. तो अंघोळीला गेलाय असंच ती धरून चालली होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो तसाच निघून गेला.

म्हणजे उत्तर चुकलं! कुठे, तेही तिला लगेच सुचलं. न्यूट्रिनो टाकीतल्या द्रवावर आदळले की निसटणारे न्यूट्रॉन जी ऊर्जा घेऊन जातात, तिचा अंदाज तिला आधीपासून खटकत होता. प्रयोगशाळेत पोहोचताच तिने तो वाढवला. कोन सरकून उणे चाळीसवर आला. आता फक्त पाठवायचं बाकी होतं.

पण ही दुरुस्ती तिला न्यूट्रॉनांनी थोडीच सुचवली होती? नवऱ्याच्या तोंडाने सुचवली होती. स्वतःला शिव्या घालत तिने सगळं पूर्ववत केलं आणि उणे साठच पाठवलं. या टाकीपायी गटप्रमुखांनी उभी हयात घालवली होती. आपण चुकीचंच उत्तर पाठवलंय या समजुतीने त्यांच्याकडे बघायची तिला लाज वाटत होती.

संध्याकाळी समितीच्या सभेत नवऱ्याने लपवलेला कोन पडद्यावर आला. उणे साठ.

गटप्रमुखांनी जोरात टाळ्या वाजवल्या. बाकी कोणी हललं नाही. नवऱ्याची मान खालीच होती, आणि सकाळी तो का घाबरला हे तिला आत्ता कळलं. इतकं बरोबर उत्तर, तेही एकाच घरातून! फोडलं नाही यावर कोण विश्वास ठेवणार?

अध्यक्षबाईंनी शांतपणे विचारलं, "या कोनाबद्दल तुमच्या दोघांत काही झालं?"

नाही म्हटलं की टाकी झाली. गटप्रमुख तिच्याकडे आशेने बघत होते.

"बोलणं नाही झालं," ती म्हणाली. "पण सकाळी त्याने माझं उत्तर ऐकलं आणि मी त्याचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यावरून मी उत्तर बदललंसुद्धा होतं. मग परत फिरवलं."

"मग ही परीक्षा ग्राह्य धरता येणार नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

गटप्रमुखांनी हात खाली घेतले. पडद्यावरचं बरोबर उत्तर कोणीतरी बंद केलं.